चाचांचं नाक

बंद घराची चावी हातात असली तरी चाचा आधी दारावर टकटक करायचे. तीनदा. मग जरा थांबायचे, आतून कोणी "कोण आहे?" विचारील अशा बेतानं, आणि म्हणायचे, "येतो हां आत." त्यानंतरच चावी फिरायची. आत कोणी नाही हे आम्हा दोघांनाही माहीत असायचं. जे होतं ते पोलिसांनी पंचनामा करून आधीच हलवलेलं असायचं. मागे राहायची ती खोली, आणि ती धुणं हे चाचांचं काम होतं.

मी अलिबागजवळ बंगले सांभाळतो. मालक मुंबईत, चाव्या माझ्याकडे. तुम्ही कधी सुट्टीला इकडे आला असाल तर माझ्यासारखा एखादा माणूस पाहिला असेल, गेट उघडणारा, पंप चालू करणारा आणि "मासे ताजे कुठं मिळतील?" याचं उत्तर देणारा. चाचांसारखा मात्र तुम्ही पाहिला नसणार. त्यांची गरज ज्याला पडते तो त्याविषयी चार लोकांत बोलत नाही.

एकटा राहणारा माणूस जातो आणि काही दिवस कुणाला पत्ता लागत नाही. मग एकदम गर्दी होते, कागद होतात, मयत नेतात आणि सगळे पांगतात. नातेवाईक दारापर्यंत येतात आणि नाकाला रुमाल लावून परत फिरतात. त्यांना दोष देऊ नका, तो वास घशात उतरतो. अशा वेळी कुणीतरी हळूच चाचांचा नंबर द्यायचं. उरणच्या कामगारांच्या खोल्यांपासून मुरुडच्या बंगल्यांपर्यंत कुठूनही फोन आला की ते आगरदांड्याहून आपली जुनी व्हॅन घेऊन निघायचे. मागे निळे ड्रम, ब्रश, पांढरे अंगभर सूट, आणि का कोण जाणे, चहाचं पातेलं.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी आखातात काढली होती, तिथल्या एका हॉस्पिटलात सफाईला. त्यांचे वडील गावातल्या मयतांना आंघोळ घालायचे. मी एकदा विचारलं, "चाचा, हे काम कसं करवतं तुम्हाला?" ते म्हणाले, "अब्बा माणसाला आंघोळ घालायचे, मी जागेला घालतो. कुणीतरी घालाया पायजे ना?" आणि त्यांनी मला बादली उचलायला लावली.

आमची ओळख झाली ती सरांमुळे. सर म्हणजे निवृत्त गणिताचे मास्तर. बायको गेल्यावर मुंबईची जागा सोडून ते माझ्या ताब्यातल्या एका बंगल्यात येऊन राहिले होते, बंगला त्यांचा स्वतःचाच. मुलगी कॅनडात. रोज सकाळी हेल्मेट घालून स्कूटरवरून बाजारात जायचे, अर्धा किलोमीटर. गणपतीत मी गावी निघालो तेव्हा म्हणाले, "जा रे, मी काय पळून जातोय का?" मी सहा दिवसांनी परत आलो. दार मीच उघडलं. त्यापुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो की त्या सहा दिवसांत मी एकदाही फोन केला नव्हता आणि ते मला अजून बोचतं.

चाचा आले तेव्हा मी मोठ्या हुशारीनं खिडक्या उघडून उदबत्तीचा अख्खा पुडा पेटवून ठेवला होता. त्यांनी व्हरांड्यातच हुंगलं. "मोगरा लावलास?"

"हो चाचा. जरा बरं वाटावं म्हणून."

"आता दोन वास काढायला लागतील मला."

मग मनगटावर हातमोज्याभोवती चिकटपट्टी गुंडाळून ते आत गेले. मी दारातून पाहत होतो. पाणी थंडच, कारण गरम पाण्यानं डाग बसतो. घासायचं आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे. पंखा लावायचा नाही. गादी नीट घडी करून, बांधून बाहेर आली. पलंगाखालच्या फरशीच्या सांधी त्यांनी दात घासायच्या ब्रशनं एकेक करून काढल्या, आणि पूर्ण वेळ ते हलक्या आवाजात बोलत होते. मला वाटलं दुवा मागतायत. कान दिला तर सरांना सांगत होते, "मास्तर, जरा पाय वर घ्या. आता हितं पुसतो." आजवर मी देवळात हात जोडलेत, दर्ग्यातही जोडलेत, पण त्या दिवशी दारात उभ्या उभ्या आपोआप जुळले तसे कधी जुळले नाहीत.

दोन दिवस हे चाललं. शेवटी त्यांनी ते पातेलं काढलं आणि सरांच्याच गॅसवर आलं आणि गवती चहा घालून चहा उकळत ठेवला. झाकण न ठेवता, चांगला अर्धा तास. "घरच्यांना पयला वास फिनेलचा न्हाय आला पायजे," म्हणाले. "घराला घराचा वास यायला पायजे." त्यांचा प्रत्येक घरातला शेवट हाच असायचा.

त्यांचं नाक हे एक प्रकरणच होतं. बाजारात ते पाटीपासून चार पावलांवर उभे राहून म्हणायचे, "पापलेट परवाचं हाय." कोळणी वैतागायच्या. एकीनं तर सरळ सांगितलं होतं, "चाचा, नाक घरी ठेवून येत जा बाजारात." ते खरंच नाकाला रुमाल बांधून आले, आणि रुमालातूनही बोलले, "तरी परवाचंच."

आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोनं त्यांना वेगळ्या कपात चहा दिला. त्यांचा धर्म आड आला नाही, त्यांचं काम आलं. मी पाहिलं आणि गप्प बसलो. पुढच्या खेपेला चाचा स्वतःचा स्टीलचा पेला घेऊनच आले आणि हसत म्हणाले, "वहिनी, हितं ओता." बायकोला इतकी लाज वाटली की तो पेला तिनं ठेवूनच घेतला. आजही आमच्या मांडणीवर आहे, आणि त्यातून घरातलं कुणीही पाणी पितं.

पण मला सांगायचंय ते चाचांच्या चुकीबद्दल. सरांची मुलगी कॅनडाहून आली तेव्हा घर लख्ख होतं. चाचांनी, कुणी न सांगता, निव्वळ चांगुलपणानं, दुसऱ्या खोलीतल्या कपाटातले सगळे कपडेही धुऊन, इस्त्री करून ठेवले होते. मुलगी घरभर फिरली. कपाट उघडलं, एक सदरा काढला आणि त्यात तोंड खुपसलं. मग दुसरा काढला. मग शाल. चाचा हातात चहाचा ट्रे घेऊन उभे होते.

"ह्याला बाबांचा वासच नाही," ती म्हणाली.

शाल मांडीवर घेऊन बसून राहिली. मी चाचांच्या हातातला ट्रे काढून घेतला. व्हॅनमध्ये बसल्यावर त्यांनी चावी लावली पण फिरवली नाही. म्हणाले, "मरणाचा वास काढायला आलो होतो, बाबा. मी माणूसच धुऊन टाकला."

त्यानंतर मीही त्यांच्या मदतीला जाऊ लागलो, आणि त्यांच्या कामात एक गोष्ट वाढली. टकटक झाली, आत गेलो की सगळ्यात आधी लांबच्या खोलीतला एखादा वापरातला कपडा ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवाबंद करायचे आणि घरच्यांसाठी बाजूला ठेवायचे. कुणी नेला, कुणी नाही.

वर्षभरानं मुंबईहून एक मुलगी आली. असं काम करणाऱ्या माणसांवर तिला माहितीपट करायचा होता. सोबत एक कॅमेरावाला. चांगली पोरं होती, चाचांच्या आधी पांढरे सूट घालून तयार असायची. तिनं एकदा चाचांना किनाऱ्यावरून समुद्राकडे बघत चालायला सांगितलं. चाचा म्हणाले, "मी समुद्राकडं बघत कधी चाललो न्हाय, बेटी. होड्या काय घेऊन आल्या ते बघतो." तिनं पिशवीबद्दल मात्र पुन्हा पुन्हा विचारलं. ती कशासाठी, कधीपासून. चाचा दर वेळी चहाचं आधण ठेवायला उठायचे.

त्याच दिवसांत सरांचा बंगला विकायचं ठरलं. त्यांची मुलगी सह्या करायला येणार होती, आणि नवा मालक दुसऱ्याच दिवशी सगळं सामान भंगारात काढून पाडकाम सुरू करणार होता. मी हे चाचांना सहज सांगितलं. ते उठलेच. "मला चावी दे त्या घराची."

कॅमेरा मागोमाग आला. चाचांनी टकटक केली, "येतो हां आत" म्हणाले आणि शोधायला लागले. उशा आम्हीच जाळल्या होत्या. पुस्तकांना वाळवी आणि दमट कागदाचा वास. चपलांना बुरशी. चाचा एकेक वस्तू नाकाशी नेत आणि खाली ठेवत. माहितीपटवालीनं मला हळूच विचारलं, "काय शोधतायत?" मी तिला शालीची गोष्ट सांगितली.

दुपार कलली. घर संपलं. चाचा पायरीवर बसले, आणि इतकं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, "मास्तर बाजारात कसे जायचे?"

मागच्या पडवीत स्कूटर ताडपत्रीखाली होती. सीटखालचा डबा गंजून बसला होता, तो पान्यानं उघडावा लागला. आत कापडी पिशवीत हेल्मेट. चाचांनी ते उलटं धरून नाक आत घातलं आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ.

"हाय," ते म्हणाले. "आवळ्याचं तेल. आनि तपकीर."

मीही हुंगलं. मला जुन्या फोमचा वास आला, बाकी काही नाही. "चाचा, तुम्ही तर सरांना कधी भेटला नाहीत. कशावरून त्यांचाच?"

"त्यांचे सगले कपडे मीच धुतले ना," ते म्हणाले. "मला ठावं न्हाय तर कुनाला ठावं असंल?"

विचार करा. एका अनोळखी माणसाचा वास हा माणूस वर्षभर नाकात जपून होता, जिचा होता तिला परत देता यावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सरांची मुलगी आली. चाचांनी पिशवी पुढे केली आणि म्हणाले, "बेटी, मागल्या टायमाला माझ्याकडनं गलती झाली." कॅमेरा चालू होता. मला एकच धास्ती होती, हिलाही नुसता फोमचाच वास आला तर?

तिनं हेल्मेट नाकाशी नेलं. मग सरळ डोक्यात घातलं, पट्टा लावला, काच खाली केली आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली. माहितीपटवालीनं कॅमेरावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कॅमेरा खाली गेला. मग आतून घुसमटलेलं हसू आलं.

"तपकीर सोडली म्हणून दर रविवारी फोनवर सांगायचे," ती म्हणाली. "खोटारडे." आणि ती रडायला लागली, हेल्मेटच्या आतच. चाचा आत जाऊन चहा ठेवू लागले.

माहितीपट अलिबागला एका सभागृहात दाखवला. त्यात हेल्मेट नाही. बंद दारावर टकटक करणारे चाचा आहेत, पाठमोरे.

चाचा गेल्या उन्हाळ्यात गेले. घरीच, माणसांत, दुपारच्या नमाजानंतर. मागे पुसायला काही ठेवलं नाही. मी आठवड्यानं आगरदांड्याला गेलो. दार सताड उघडं होतं तरी चौकटीवर टकटक केली आणि थांबलो. चाची म्हणाल्या, "ये, आत ये."

बोलता बोलता त्यांनी कपाटातून एक हवाबंद पिशवी काढली. आत चाचांची निळी लुंगी. दवाखान्यातून घरी आल्यावर, आपलं आटोपत आलंय हे कळल्यावर, त्यांनी स्वतःच ती पिशवीत भरून चाचींच्या हातात दिली होती.

"उघडली का?" मी विचारलं.

"न्हाय," चाची म्हणाल्या. "रोज हातात घेते. उघडली तर संपंल ना." त्यांनी पिशवी पुन्हा चादरींच्या खाली ठेवली, कपाट लावलं आणि चहा टाकायला आत गेल्या.