उलट्या बाजूची फेरी

अश्वजीत गजभियेच्या घरी स्टीलच्या बादल्या इतक्या, की नवा पाहुणा विचारतोच, भांड्यांचं दुकान होतं का तुमचं? जबलपूरच्या मदन महाल वस्तीतल्या त्या दोन खोल्यांत तांदूळ बादलीत, कांदे बादलीत, न्हाणीत बादली, गच्चीवर बादली, आणि पलंगाखाली एकात एक घातलेल्या उरलेल्या. प्रत्येकीच्या काठावर छिन्नीनं साल ठोकलेलं. त्याची बायको नीलिमा आधी आधी कौतुकानं दाखवायची. पुढं पुढं तिचा सूर उतरला. कोणी विचारलं तं म्हणायची, "जिंकून आनल्या यायनं. तोळाभर सोनं ठेवलं असतं कोनी बक्षिसाले, तं हरले असते."

बादल्या मिळाल्या त्या गाडी पळवून. रिछाईच्या बाजूला ट्रकच्या बॉड्या बांधणारा एक कारखाना होता. बांधलेली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी चांगली दामटून पाहावी म्हणून मालकानं मागच्या माळावर एक ट्रॅक करून घेतला होता. आधी चढ, मग पाण्याचा खड्डा, मग चिंचेपाशी आवळलेलं वळण, आणि तिथून सुटलं की लांबच लांब सरळ पट्टी. अश्वजीत तिथला टेस्ट ड्रायव्हर. बाप छोट्या लाइनीच्या गाडीनं गोंदियाकडून जबलपूरला आला आणि रेल्वेच्या रुळांवर हातोडा मारता मारता गेला. पोराच्या हाती स्टिअरिंग आलं याचंच घराला अप्रूप.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी कारखान्यात काम बंद, बायकापोरं आत. पूजेच्या मांडवात अश्वजीत फारसा टेकत नसे, त्याचं वंदन घरी बुद्धापुढं होऊन जायचं. पण जेवणं झाली की ड्रायव्हरांची शर्यत लागायची, तिथं तो सगळ्यांच्या आधी हजर. मालकानं फौजेच्या लिलावातून दोन जोंगा घेतल्या होत्या. जोंगा म्हणजे जुन्या काळची दणकट जीप, म्हशीसारखी, हाणली तरच हलणारी. दोघंदोघं सुटायचे, जिंकेल तो पुढं. शेवटी उरेल त्याला कॅन्टीनकडून बादली, आणि बादलीपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे शब्द. शब्द असा, की पुढच्या साली शर्यत कशी धावायची हे जिंकणारा सांगणार. फेऱ्या किती, गाडी कोणाला कोणती, धावायचं कोणत्या बाजूनं. त्याच्यावर मालकसुद्धा बोलत नसे.

शेवटी उरायचे ते दोघंच, अश्वजीत आणि रत्नाकर खोब्रागडे. आणि जिंकायचा अश्वजीत.

रत्नाकर त्याचा दोस्त. दोघं एका महिन्यात लागलेले, एका डब्यात जेवणारे. उमेदीच्या वयात रत्नाकर गाडीखाली होता तेव्हा जॅक घसरला. जीव वाचला, मान धरली. डावीकडं वळे, उजवीकडं वळेना. उजवीकडं पाहायचं तं जू मानेवर असलेल्या बैलासारखा अख्खाच फिरायचा. रोजच्या टेस्टला ट्रॅकवर एकटीच गाडी, वळण हळू घेतलं तरी निभायचं. शर्यतीत मात्र ट्रॅक घड्याळाच्या काट्यासारखा, म्हणजे सगळी वळणं उजवीकडं. वळणाच्या पोटात नजर घालावी लागते तेव्हा गाडी आत शिरते. रत्नाकर अंदाजानं शिरायचा, आणि तरी अश्वजीतच्या मागं हातभरच राहायचा. हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. अश्वजीतला सगळ्यात जास्त.

म्हणून रत्नाकर दरसाल एकच मागणं मागे. एखाद्या साली उलट्या बाजूनं धावू. चिंच आधी, चढ शेवटी, वळणं डावीकडं. शब्द अश्वजीतचा होता. आणि अश्वजीत दरसाल म्हणे, सुलटंच. ट्रॅक बांधलाच त्या बाजूनं, वळणाशी रचलेले टायर त्या बाजूनं, ब्रेक कुठं दाबायचा त्या खुणेचे चुन्यानं रंगवलेले धोंडे त्या बाजूनं. उलटं धावून कोणी मेलं तं काय करता? कारण खोटं नव्हतं. पण खरं कारणही ते नव्हतं.

एका साली रत्नाकर आणि त्याची बायको विनता, दोघं मदन महालला घरी आले. चहा झाला. रत्नाकर नेहमीसारखा गंमतीत नव्हता. रिटायर व्हायला आलो गड्या, म्हणाला, एक साल उलटं धावू. टायर मी सोता उचलून इकडचे तिकडं रचतो, चुना मी मारतो, तू फक्त हो म्हण. विनता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. नीलिमानं नवऱ्याकडं पाहिलं, म्हणा ना हो अशा नजरेनं. अश्वजीतनं बशीतला चहा संपवला आणि हसत हसत बोलून गेला.

"काहून बे रत्ना, सारा ट्रॅक फिरवतं? तू मान फिरव ना."

हसलं कोणी नाही. रत्नाकर म्हणाला, अच्छा, चलो. उठला, चपला शोधायला अख्खा वळला, आणि बायकोला घेऊन गेला. पुन्हा त्यानं ते मागणं काढलं नाही. शर्यतीत उतरायचा, हातभर मागं राहायचा, अश्वजीतच्या पाठीवर थाप मारायचा. दोस्ती तुटली नाही. तुटली असती तं बरं झालं असतं, असं अश्वजीतला मागाहून वाटायचं. भांडण मिटवता येतं. हे मिटवायचं कुठून?

दोघं रिटायर झाले. मग रत्नाकरला पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात आणि उजवा पाय गेला, जीभ जड झाली. अश्वजीत दवाखान्यात जाऊन आला, नंतर सणावारी आधारतालला त्याच्या घरी जायचा. दारातूनच बोलून लवकर निघायचा.

असंच चाललं असतं. पण एका रविवारी त्याच्या पोरानं, सुगतनं, मोबाइल पुढं केला. सुगत नेपियर टाउनच्या एका कोचिंगात शिकवतो. मराठी समजते सारी, बोलतो हिंदी. बाहेर देशातला कुठला तरी गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक एक दिवस उलट्या बाजूनं चालवला होता, आणि मुरलेले ड्रायव्हर पहिल्याच वळणाला चाचपडत होते. "पापा, आपके यहाँ कभी उलटा चलाया?" पोरानं विचारलं. नाही म्हटलं अश्वजीतनं. "क्यों?" यावर त्यानं मोबाइलच पोराच्या हातातून घेतला. पोरगा उठून गेला, बाप तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहत बसला.

त्याच पावसाळ्यात मालकाचा निरोप आला. माळ विकला, दिवाळीनंतर ट्रॅक उखडून गोदामं उभी राहणार. शेवटची पूजा आहे, जुन्या लोकांनी यावं. एक जोंगा अजून चालू आहे, एखादी फेरी मारा, तुमच्यानंतर शर्यत लागली नाही, शब्द अजून तुमचाच.

अश्वजीत आधारतालला गेला. विनतानं दार उघडलं. त्यानं सांगितलं, उलट्या बाजूनं जायचं आहे, रत्नाला न्यायला आलो.

"आता, भाऊजी?" ती म्हणाली. एवढंच. मग आत जाऊन नवऱ्याचा धुतलेला शर्ट काढून आणला.

माळावर गाजरगवत कमरेइतकं माजलेलं. जुनी माणसं खुर्च्या टाकून बसली होती, कोणाची दाढ पडलेली, कोणाचं पोट सुटलेलं. चौघांनी धरून रत्नाकरला जोंगात चढवलं, डाव्या बाजूला. अश्वजीतनं सुरुवातीच्या रेघेवर गाडी उलट्या तोंडाची लावली. आणि ज्या ट्रॅकनं रोजची भाकर दिली त्याच्यावर त्याला पुढचं काही ओळखू येईना. चढ समोर नव्हता. सरळ पट्टी, जी इतकी वर्षं शेवटी यायची, ती तोंडाशी आ वासून.

त्यानं दामटली. जोंगा खिळखिळत पळू लागली. रत्नाकरनं डावा हात डॅशबोर्डवर ठेवला होता. अर्ध्या पट्टीत पळसाचं झाड आलं तसा त्यानं तळहात आपटला, पण अश्वजीत चुन्याचा धोंडा शोधत राहिला. धोंडा कुठून असणार त्या बाजूला? चिंच अंगावर आली, ब्रेक उशिरा दाबला, आणि जोंगा ट्रॅक सोडून गवतात घुसून बंद पडली. मांडवातून कोणीतरी मोठ्यानं हसलं.

"पळस," रत्नाकर म्हणाला. जीभ जड, पण शब्द साफ. "पळसापाशी दाबाचा."

अश्वजीतनं गाडी मागं घेतली. आता तो हाताकडं पाहून चालवू लागला. डावीकडं वळणं येत होती आणि रत्नाकरची मान त्यांच्या पोटात सहज वळत होती, जशी कोणत्याही धडधाकट माणसाची वळते. खड्डा दिसायच्या आधी त्यानं दोन बोटं दाखवली, दुसरा गेअर. चढाचा आता उतार झाला होता, त्याच्या तोंडाशी तळहात हलका ठेवला, म्हणजे सोडून दे. एकही खूण चुकली नाही.

"तुले कसं ठाऊक बे?" अश्वजीतनं विचारलं. "तू कुठं चालवला उलटा?"

"पायी." रत्नाकर थांबला, शब्द गोळा केले. "पूजेच्या आदल्या संध्याकाळी. दरसाल. वाटे, या साली हो म्हनशीन."

"त्या चहानंतर तं तू मागतलं नाई कधी."

"मागतलं नाई. चाललो."

उतार संपला, रेघ आली. कोणी घड्याळ लावलं नव्हतं, लावून उपयोग नव्हता. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅन्टीनवाल्यानं जुनी रीत म्हणून एक कोरी बादली आणली होती. अश्वजीतनं ती घेतली आणि रत्नाकरच्या मांडीवर ठेवली.

"तुही आहे. तू जिंकला असता."

रत्नाकरनं डाव्या हातानं बादली उचलली, आत पाहिलं, आणि परत दिली. राग नव्हता तोंडावर. "'असता'ले बादली कोन देते?" म्हणाला. विनतानं त्याच्या ओठाच्या कडेची लाळ पदरानं पुसली आणि ऑटो बोलवायला गेली.

बादली अश्वजीतच्या घरी आली. ही कोणाची, नीलिमानं विचारलं. कोणाचीच नाही, तो म्हणाला. काठावर साल ठोकायला त्यानं छिन्नी काढली, जरा वेळ हातात धरली, आणि ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी नीलिमानं त्यात लसूण भरला.

त्या दिवाळीनंतर ट्रॅक उखडला, चिंचही गेली. अश्वजीत आता हप्त्यातून तीन-चारदा आधारतालला जातो. पूर्वी कॅन्टीनच्या बाकावर तो रत्नाकरच्या उजव्या हाताला बसायचा, आणि बोलता बोलता त्याच्याकडं पाहायला रत्नाकरला अख्खं वळावं लागायचं. ते कधी अश्वजीतच्या ध्यानातही आलं नव्हतं. आता तो स्टूल उचलून डावीकडं नेऊन बसतो. भाजीचे भाव निघतात, सुगतच्या लग्नाचं निघतं, शेजारच्या कुत्र्याचं निघतं. ट्रॅकचं नाव दोघंही काढत नाहीत.