बोटाला कळणारं बटन

शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करणारे एक गृहस्थ रोज दुपारी आमच्या वर्कशॉपच्या पायरीवर डबा खायला बसत. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. तुटलेला धागा मात्र ते नुसतं बोट फिरवून ओळखत. नाव मला कधीच कळलं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी कॉम्प्युटरच्या कीबोर्डसाठी लहानसं, बिनआवाजाचं बटन बनवत होतो. आत मऊ, लोकरी फेल्टची चकती घालून मी आवाज घालवला आणि मोठ्या ऐटीत बटन त्यांच्या हातात दिलं. अजिबात वाजत नाही, असं खुणेनं सांगितलं.

त्यांनी डोळे मिटून ते चारदा दाबलं.

"मला तर कशाचाच आवाज येत न्हाय. पण दाबलं का न्हाय, ते बोटाला तरी कळाया पाहिजे की!"

पदवीधर मी बटन घेऊन पुन्हा कामाच्या टेबलाशी बसलो. महिनाभर खपून आत बोटाखाली हळूच लवणारी एक पातळ पत्ती बसवली आणि बटन पुन्हा त्यांना दिलं. दाबताच ते खुदकन हसले.

"आता कळलं!"

मी आभार मानले, पण ते त्यांना ऐकू गेले नाहीत. म्हणून त्यांचा हात हातात घेऊन दाबला.

त्यांनीही माझा हात दाबला.