जवस न ओळखणारी इंग्रजीची बाई

सकाळी लाइन गेली की माझी नात वायफायच्या नावानं बोटं मोडते, आणि मला हसू येतं. याच 'लाइन'नं एकदा माझी नोकरी घालवायची तेवढी बाकी ठेवली होती.

मी अमरावतीच्या वकिलाची लाडकी लेक. इंग्रजीत एम.ए. झाले आणि अकोल्यात मुलींच्या शाळेत तात्पुरती लागले. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे हेडमास्तर मागच्या बाकावर बसून एका तासात ठरवणार होते.

म्हटलं, यांना गारच करू. 'लाइन' हा एकच शब्द घेतला. वहीतली रेघ, रेशनची रांग, रेल्वेचा रूळ, कवितेची ओळ, पोलिसांची वस्ती, फळा भरला.

"बाई, लाइन मारनं राह्यलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी बहिरी झाले आणि नाक वर करून शब्दाच्या मुळाकडे वळले. "मूळ लॅटिन. लिनम नावाच्या रोपाचा धागा, त्यावरून हा शब्द. नाजूक निळं फूल असतं त्याला. तुम्ही कुठून पाहणार!"

दर्यापूरकडची एक पोरगी उठली. "त्याच्या बियाचं तेल निंघते काय, बाई?"

"निघतं. पुस्तकात दिलंय तसं."

"मंग ते जवस व्हय. आमच्या वावरात हाय."

"काहीतरीच! लॅटिन कुठे, तुझं वावर कुठे. बस खाली."

मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी बोलावलं. "बाई, डब्यात काय आनलं?"

"पोळी आणि जवसाची चटणी," मी म्हटलं, आणि तोंड उघडंच राहिलं. जन्मभर ती चटणी चाटून खाल्ली, पण जवसाला फूल येतं हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या मते ते वाण्याकडेच उगवायचं.

"इंग्रजी झकास हाय तुमचं. पन पोरगी खरं सांगून राह्यली होती, अन् तुमी तिले खाली बसवलं. आता काय लिहू मी?"

"चुकलं, सर."

"मले काहून सांगता? तिले सांगा. वर्गात."

अख्खी सुट्टी मी आत्मसन्मान की पगार, याचा विचार केला. पगार जिंकला. घंटा झाल्यावर भरल्या वर्गात म्हटलं, "तुझं बरोबर होतं. मी चुकले."

ती उठून समजुतीनं म्हणाली, "जाऊ द्या, बाई. तुमी शहरातल्या. तुमाले कोनी वावर दाखवलंच नसन."

त्या कनवाळूपणापेक्षा छडी परवडली असती. नोकरी मात्र राहिली. हेडमास्तरांचा शेरा होता: 'कायम करावे. इंग्रजी उत्तम, वऱ्हाड कच्चे.'