चाळणीवरचा कोंडा

माय चोरून खाते, असा माझा पक्का समज होता. कंपनीत माझं काम तपासणीचं. माप चुकलेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, बाजूला काढायचा आणि चूक कुणाची ते लिहायचं. घरी आलो तरी ती सवय सुटत नसे. बारा किलो वजन उतरल्याशिवाय मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. माय मोरीपर्यंतसुद्धा भिंत धरून जायची. दोन महिने मी तिला मोजून जेवण दिलं, काटा जागचा हलला नाही. मग बिस्किटं, फरसाण, गूळ, सगळं कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"मला भूकच लई लागती रे," ती म्हणाली. "जेवून उठलं की घंट्याभरात पुन्हा. खोटं नाय बोलत."

मी ऐकून घेतलं. विश्वास ठेवला नाही.

आम्ही मूळचे मेंढपाळ, बिडकीनच्या पलीकडचे. सलग दोन पावसाळे कोरडे गेले तेव्हा वडिलांनी, म्हणजे दादांनी, उरलेली मेंढरं विकली आणि शहरात येऊन चिकलठाण्याला एका कंपनीच्या गेटवर राखणदारी धरली. गावी माय जवारी-बाजरीचं पीठ जात्यातून निघेल तसंच थापायची. इथं शेजारच्या घरातले सगळे ऑफिसात जाणारे, आणि त्यांच्या पोळ्या पांढऱ्या, मऊसूत. शेजारीणबाईंना मायनं एकदा भाकर दिली. "तब्येतीला फार चांगली हो," म्हणत त्यांनी ती हातात घेतली आणि संध्याकाळी दारावरच्या गाईला घातली. मायनं ते पाहिलं. दुसऱ्याच दिवशी तिनं बारीक जाळीची चाळणी आणली. त्यानंतर भाकर बंद झाली, पोळीसाठी गव्हाचं पीठ आमच्याकडे दोनदा चाळलं जाऊ लागलं आणि चाळणीवरचा कोंडा त्याच गाईला जाऊ लागला. आमच्या पोळ्या पांढऱ्या झाल्या. मला त्याचा अभिमान वाटायचा, हेही सांगून टाकतो.

पुढे माळांवर प्लॉट पडले, प्लॉटवर बिल्डिंगी झाल्या, त्यातल्या एकीत आम्हीही दोन खोल्या घेतल्या. मायचं चालणं बंद झालं. बसून वजन वाढतं, एवढंच मी धरून चाललो होतो.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी विचारलं, पीठ कसं दळता? मायनं मोठ्या हौसेनं चाळणीचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आतड्यात असंख्य जिवाणू राहतात, धान्याचा कोंडा, भाज्यांचा चोथा हे त्यांचं खाणं. ते चोथा आंबवतात आणि त्यातून जे तयार होतं, त्यानं पोट भरल्याची खबर मेंदूला पोचायला मदत होते. वजन काही एवढ्यावरच ठरत नाही, पण आजी म्हणतात ती भूक खरी असू शकते.

मी घरी येऊन कोंडा-चोथा वाढवायचा अंमल सुरू केला, तोही माझ्या पद्धतीनं. दोन्ही वेळा जवारीची भाकर, मटकीची उसळ, गवार, वर ताकात दोन चमचे कोंडा. तिसऱ्या दिवशी मायचं पोट टम्म फुगलं. तिला बसवेना, निजवेना.

"मी मरंन, पण हे खानार नाय," ती म्हणाली.

"नाटकं करू नको," मी म्हणालो. या शब्दांची मला अजून लाज वाटते.

दादा इतके दिवस या भानगडीत पडले नव्हते. ते म्हणाले, "लेका, ते मक्याचं इसरला व्हय?"

विसरलो नव्हतो. दुष्काळात धरणाचं पाणी हटलेल्या जमिनीवर मेंढरं चारायला आम्ही पैठणच्या बाजूला गेलो होतो. तिथं कुणी दया येऊन मक्याचा भरडा दिला. मीच तो उपाशी कळपाला पोटभर घातला आणि सकाळपर्यंत तीन मेंढरं फुगून मेली. त्यानंतर नवा चारा दादा जुन्यात मूठ मूठ मिसळूनच घालत.

"चारा एकदम बदलत नसत्यात," ते म्हणाले. "मेंढराचं कळतं तुला, मायचं कळंना?"

मी कोंड्याचा डबा उचलून त्यांच्यापुढं ठेवला.

मग दादांनीच सूत्रं हातात घेतली. पहिला आठवडा नुसतं चाळणं बंद. मग आठवड्यातून दोनदा भाकर, नंतर एक दिवसाआड. उसळ आधी वाटीच्या तळाशी, नंतर अर्धी वाटी, आणि पाणी भरपूर. वजन हळूहळू उतरलं, मधे महिनाभर अडलं, पुन्हा उतरलं. वर्ष होत आलं तेव्हा बाईंनी ऑपरेशनची तारीख दिली.

त्याच दिवशी दुपारी मायनं चतकोर भाकर ताटात तशीच ठेवली. "बास. पोट भरलं." शहरात आल्यापासून तिच्या तोंडून हे मी ऐकलं नव्हतं. मी खिशातली किल्ली काढून तिच्यापुढं ठेवली.

तिनं ती बोटानं माझ्याकडं सरकवली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," म्हणाली. "मी तवाबी चोरून खाल्लं नव्हतं."