मावशींची टाच

चर्चच्या पाळकाचं काम म्हणजे उभं राहून बोलायचं आणि बसून खायचं, असं शांताराम भिंगारदिव्यांचं मत होतं. आयुष्यभर त्यांनी दिल्लीच्या सरकारी क्वार्टरांत लोखंडी पाइप चढवले. ज्या कामानं खांद्याला घट्टा पडत नाही, ते काम कसलं?

रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक होती; शांतारामही पंच होते. निहार साळव्यांना पाळक म्हणून ठेवायचं की नाही, ते ठरणार होतं. मंडळी गळत चालली होती. लोक घरी चहा घेत मोबाइलवर मोठ्या चर्चची उपासना बघत. पोरांना मराठी कळेना. शांतारामांची नात कृतिका पाळकांना ‘पालकसाहेब’ म्हणे आणि ‘भाजी आली’ म्हणून हसे.

“हिंदीत बोलणारा, गिटारवाला कोणी आणू यार,” पंचांचा सचिव श्रीपाद फोनवर म्हणाला. “तुमचा हात वर हवा, काका.”

“आहेच.”

शनिवारी पाळकांची स्कूटर बंद पडली. शांतारामांनी त्यांना आपल्या स्कूटरवर घेतलं. आधी आर. के. पुरमला, एका नवरा-बायकोचं भांडण मिटवायला. पाळक बोलले थोडं, ऐकलं फार. बाहेर आले तेव्हा पाळकांचा चेहरा उतरला होता.

“चहा घेऊ,” शांताराम म्हणाले.

“नंतर. मावशी वाट बघत असतील.”

मावशी म्हणजे हिंदूराव हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या सुमित्राबाई. पक्षाघातानं त्यांची हिंदी पुसून टाकली होती. उरली ती नगरकडची मराठी, तीही तुटक. नातू अंशुमन उशाशी बसला होता. त्याच्या हातात कोरी करकरीत टॉर्च.

“सकाळपासून आजी तेच मागतेय, अंकल. आणली, तर ढकलून देते.”

“मागते काय?”

“टॉच, टॉच.”

पाळकांनी टॉर्चकडे पाहिलं. मग वाकून विचारलं, “मावशी, टाच दुखते?”

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. पाळकांनी चादर दूर केली. टाच लाल झाली होती, कातडी सुटू लागली होती.

“एड़ी!” अंशुमननं कपाळावर हात मारला आणि नर्सला बोलवायला धावला.

नर्सनं मलम लावलं. आता कूस बदलायची होती. पाळक गुडघ्यांत वाकले, पाठ ताठ ठेवली, भार छातीशी घेतला आणि उचललं. शांताराम बघत राहिले. जड पाइप असाच उचलतात. घाई नाही, झटका नाही. मावशींनी पाळकांच्या सदऱ्याची खांद्यावरची शिवण मुठीत धरली होती. ती शिवण पूर्वीही उसवलेली, पुन्हा घातलेली दिसत होती. किती मुठी धरून गेल्या असतील तिथं!

“असं उचलायला कुणी शिकवलं?” शांतारामांनी विचारलं.

“मावशींनीच. पहिल्या वेळी उचलताना माझीच कंबर लचकली, तेव्हा पोटभर हसल्या होत्या.”

मावशींनी मूठ सोडली नाही. पाळक तसेच वाकून उभे राहिले, त्यांना झोप लागेपर्यंत.

रविवारी श्रीपादनं विचारलं, “पाळक बदलायचे, कोण कोण?” हात वर गेले. “काका, तुमचा?”

“खालीच आहे.”

“फोनवर तर म्हणालात—”

“तेव्हा मी त्यांना काम करताना पाहिलं नव्हतं. तुझा गिटारवाला म्हातारी उचलेल?”

कुणी तरी हसलं. वर गेलेला एक हात हळूच खाली आला. तेवढ्यानं पाळक राहिले.

घरी कृतिका दारातच होती. “आजोबा, पालकसाहेब राहिले?”

“पाळक. जीभ वळव.” शांतारामांनी तिला पायरीवर बसवलं, तिचा पाय हातात घेतला. “ही काय?”

“एड़ी.”

“टाच. म्हण.”