चिमीचा गृहपाठ

मुलांनी गणिताच्या बाईंचं नाव कर्कटक ठेवलं होतं आणि ते बाईंच्या कानावर गेलेलं नाही, अशी मुलांची समजूत होती. बाईंना ते पहिल्या वर्षापासून माहीत होतं. त्यांच्या कानावर गेलं नाही असं शाळेत काही घडतच नसे, निदान तसं त्यांना वाटे. जीव मूळचा संशयी. भाजीवाल्याचा काटा, शिंप्याचं ‘परवा नक्की’, नवऱ्याचं ‘छे, मी साखर घातलीच नाही’, यातल्या एकावरही त्यांनी जन्मात विश्वास ठेवला नव्हता.

विश्वास होता तो फक्त आपल्या वर्गावर. बाई फळ्याकडून वळून “कळलं का?” असं विचारत आणि अख्खा वर्ग एका सुरात “हो बाई!” म्हणे. कुणाच्या मनात शंका उरलीच तर ती पोरं आपल्याकडेच आणणार, दुसरीकडे जाणार कुठे? या एका गोष्टीवर बाई ताठ मानेनं शाळेत येत.

म्हणूनच मोठ्या सरांनी जेव्हा सांगितलं की आता गणिताचा वर्ग ऑनलाइनसुद्धा भरेल, गृहपाठ तिथेच द्यायचा, तिथेच तपासायचा, तेव्हा बाईंच्या मनात पाल चुकचुकली. आज गृहपाठ गेला, उद्या शिकवणं जाईल, परवा पोरं. सर वर गोड हसत होते, त्यामुळे तर बाईंची खात्रीच पटली.

शिकवायला आले कॉम्प्युटरचे सर. वयानं बाईंच्या मुलाएवढे, बोलणं लोण्यासारखं मऊ. “सोप्पं आहे बाई. इथे वर्ग उघडायचा, नाव द्यायचं. हा कोड आला बघा, तो फळ्यावर लिहायचा. मुलं तो टाकून आत येतात.”

“आणि बाहेरचं कुणी टाकून आलं तर?”

“कोण येणार बाई, बेरीज-वजाबाकी करायला?”

बाई हसल्या नाहीत. मोठ्या सरांच्या हुकमानं सातवीच्या दोन्ही तुकड्या या एकाच ऑनलाइन वर्गात कोंबल्या गेल्या होत्या, त्याचाही राग होताच. पडद्यावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे हिरवी खूण नाहीतर लाल ठिपका उमटत होता. गृहपाठ दिला तर हिरवं, नाही दिला तर लाल. मुलांनाही सगळ्यांच्या खुणा दिसायच्या. हे बाईंना त्यातल्या त्यात आवडलं. मग त्यांचं लक्ष एका बटणाकडे गेलं. ‘मित्राला विचारा.’

“हे काय?”

“मुलं एकमेकांना शंका विचारतात. खासगीत.”

“मला दिसेल ते?”

“नाही बाई. तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला शिक्षकांचंच दिसणार.”

झालं. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या वर्गात, माझ्या पाठीमागे, मला न दिसणारं बोलणं! आणि शंका मित्राला विचारायची? मग आम्ही काय पाट्या पुसायला आहोत? त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याचा जुना फोन फडताळातून काढला, पुसला, चार्ज केला आणि आपलाच कोड टाकून आपल्याच वर्गात विद्यार्थी म्हणून शिरल्या. नाव विचारलं तेव्हा क्षणभर अडल्या आणि मग लहानपणी घरी ज्या नावानं हाक मारत ते टाकून दिलं. चिमी. पालकाचा नंबर म्हणून स्वतःचा.

चिमी कोण, हे कुणी विचारलं नाही. एका तुकडीला वाटलं ती दुसऱ्या तुकडीतली, दुसरीला वाटलं पहिलीतली. बाई रोज त्या फोनमध्ये डोकावत. आपल्याबद्दल काय शिजतंय, मोठे सर मुलांच्या कानात काय भरतायत, याचा त्यांना छडा लावायचा होता. मिळत काहीच नव्हतं. तेवढ्यानं संशय कमी होतो थोडाच? फार सावध आहेत, असं बाई स्वतःशी म्हणत.

एका घोळाकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं नाही. चिमीला गृहपाठ असायचा आणि चिमी तो देत नव्हती. एका दुपारी बाईंचा स्वतःचा फोन वाजला आणि नवऱ्यानं चष्मा लावून मजकूर मोठ्यानं वाचला. “‘आपल्या पाल्याने गृहपाठ जमा केलेला नाही.’ अगं, आपला पाल्य तर कधीच नोकरीला लागला! आता कसला गृहपाठ?”

“चुकून आला असेल,” बाई म्हणाल्या आणि फोन हिसकावून घेतला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांचं बोलावणं. “बाई, तुमच्या वर्गात सगळी मुलं हिरवी आहेत. एकच लाल आहे, चिमी. घरी फोन केलात का?”

म्हणजे हे माझ्या वर्गात चोरून डोकावतात तर! बाईंना जे सिद्ध करायचं होतं ते आयतं हातात आलं होतं आणि बोलायची मात्र सोय नव्हती. “केला सर,” त्या म्हणाल्या. “घरच्यांचं लक्ष नाही.”

त्याच आठवड्यात, शाळा सुटल्यावर बाई स्वयंपाकघरात चहा घेत बसल्या होत्या. जुना फोन थरथरला. चिमीला कुणीतरी लिहिलं होतं. नाव पाहून बाई चकित झाल्या. खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी. शांत, हुशार. बाई शिकवत असताना सारखी मान हलवायची, गृहपाठ कायम हिरवा. सगळा वर्ग असा असता तर, असं बाई मनात म्हणत त्यातली ती.

“तुला पण येत नाही ना?” मुलीनं लिहिलं होतं. “तू एकटीच लाल आहेस म्हणून तुला विचारते. बाकीचे हसतील. मी शेजारणीचं बघून देते. उणे गुणिले उणे अधिक का होतं?”

बाईंनी कप खाली ठेवला. बघून देते! पहिला राग शेजारणीचा आला, दुसरा हिचा. मग त्यांनी प्रश्न पुन्हा वाचला. हा नियम त्यांनी किती वर्गांना सांगितला असेल त्याला गणती नव्हती. नियम आहे, पाठ करा, असंच प्रत्येक वेळी सांगितलं होतं. मग एका बोटानं लिहायला लागल्या.

“टाकीतून दर तासाला तीन बादल्या पाणी जातं. हे झालं उणे तीन. दोन तासांपूर्वी, म्हणजे उणे दोन. तेव्हा टाकीत आत्तापेक्षा पाणी कमी होतं की जास्त?”

“जास्त.”

“किती?”

“सहा बादल्या. अगं! अधिक सहा! तुला तर येतं की! मग तू गृहपाठ का देत नाहीस?”

“कंटाळा,” बाईंनी लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हा शब्द स्वतःसाठी वापरला. मग त्यांना राहवलं नाही. “तू बाईंना का नाही विचारलंस?”

“विचारलं होतं एकदा. त्या म्हणाल्या, एवढं येत नाही तर सातवीपर्यंत आलीस कशी? सगळे हसले. तेव्हापासून मी नुसती मान हलवते.”

वाक्य त्यांचंच होतं, यात शंकेला जागा नव्हती. कधी म्हटलं, ते मात्र काही केल्या आठवेना.

“बाईंना सांगू नकोस हं,” खालून आणखी एक ओळ आली. “त्यांना हे दिसत नाही ना?”

“नाही,” बाईंनी लिहिलं.

चूक सुधारायची तर लगेच सुधारावी, ही बाईंची शिस्त. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात फळ्यावर टाकी काढली. तीन बादल्या, दोन तास, सगळं तेच. आवाज मुद्दाम मऊ ठेवला. वर्ग कौतुकानं बघत होता, मागच्या बाकांवरूनही “अरे हो!” आलं. बाईंनी हसून खिडकीकडे पाहिलं. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती फळ्याकडे बघतच नव्हती. एकेका मुलीच्या तोंडाकडे बघत होती, यातली चिमी कोण ते शोधत.

मधल्या सुट्टीत मुलं कॉम्प्युटरच्या खोलीत गेली आणि बाईंच्या पर्समधला जुना फोन थरथरला. “तू सांगितलंस ना बाईंना? तुझ्यावर विश्वास ठेवला मी. आता परत कध्धीच नाही.”

बाईंनी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मुलगी दारातच उभी राहिली, हात पाठीमागे बांधून, शिक्षेच्या तयारीनं.

“चिमीनं काही सांगितलेलं नाही,” बाई म्हणाल्या. आतापर्यंत वर्गापुढे त्यांना शब्द कधी कमी पडले नव्हते. “चिमी कुणी नाहीच. मीच होते ती.” आणि जुना फोन टेबलावर तिच्यासमोर ठेवला.

मुलीनं फोनकडे पाहिलं, मग बाईंकडे, पुन्हा फोनकडे. ती चिडेल, रडेल, घरी सांगेल, मोठ्या सरांकडे जाईल, सगळ्याची बाईंनी तयारी केली होती. माफी मागायचीही केली होती.

मुलीचे डोळे भरून आले.

“मग बाई,” ती म्हणाली, “आता मी कुणाला विचारू?”