विस्कॉन्सिनमधला बाबांचा तंबू

ग्लॅम्पिंग म्हणजे तंबूत राहायचं, पण तंबूत राहतोय हे अंगाला कळू द्यायचं नाही. आत डबल बेड, गालिचा, लोखंडी शेगडी, शिवाय सकाळी दाराशी कॉफी. नवऱ्याला हे सांगितलं तर म्हणतो, "मग सरळ हॉटेलातच का नाही राहायचं?" त्याला काय कळणार, कप्पाळ! तो आयुष्यभर फ्लॅटमध्ये वाढलेला. मी आणि दादा दर मे महिन्यात राहुटीत राहिलोय.

बाबा पाटबंधारे खात्यात सर्व्हेयर होते. कुठे धरण होणार, कालवा निघणार, असं ठरलं की सगळ्यांत आधी यांचा तंबू तिथे जाऊन उभा राहायचा. आम्ही पुण्यात आईजवळ, आणि बाबा कुठल्या तरी माळावर. शाळेला सुट्टी लागली की आई आम्हाला एसटीत घालून त्यांच्याकडे घेऊन जायची. आहाहा, काय दिवस होते ते! दुपारी तापलेल्या ताडपत्रीचा वास, पाण्याचा माठ, बूट घालायच्या आधी विंचवासाठी ते आपटून बघायचे, ही तर आमची शिस्तच होती. संध्याकाळी बाबा मोजणीच्या दुर्बिणीतून समोरची टेकडी दाखवायचे. आम्हाला ती उलटी दिसायची आणि आम्ही हसून हसून लोळायचो. महिना संपला की एसटीत बसताना मी भोकाड पसरायचे. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये, गाडी तिसाव्या राउंडअबाउटच्या गोल चौकातून वळवताना आजही कधी कधी तो ताडपत्रीचा वास आठवतो आणि जीव कसनुसा होतो.

आई गेल्यावर बाबांना मी इथे माझ्याकडे आणलं. आता ते त्र्याऐंशीचे आहेत. रोज सकाळी टोपी घालून रेडवेवर, म्हणजे इथल्या पायी-सायकलच्या लाल वाटेवर, फेरी मारतात, सायकलवाल्यांना हात करतात, आणि घरी येऊन त्या रस्त्याला उतार किती आहे ते मला सांगतात. दादा अमेरिकेत, विस्कॉन्सिनला असतो. दोघांची गाठ पडून चार वर्षं झाली होती. दादाला सुट्टी मिळेना, बाबांना प्रवास झेपेना. शेवटी या वसंतात जीपीने, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरने, स्पष्टच सांगितलं, "जायचं असेल तर या उन्हाळ्यात जा. पुढच्या वर्षी मी हो म्हणेनच असं नाही."

म्हणजे लांबचा प्रवास एकच उरला होता. तो असातसा घालवायचा नाही, असा मी चंगच बांधला.

तळ्याकाठची ती ग्लॅम्पिंगची जागा दादाने शोधून काढली. त्याने लिंक पाठवली मात्र, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ती उघडली. पांढरेशुभ्र तंबू, मागे पाइनची झाडं, पुढे पाणी. मी लगेच फोन लावला. "अरे दादा, बाबांना तंबू!" "तेच तर!" तो ओरडला. आम्ही दोघं पन्नाशी उलटलेली माणसं, पण त्या दिवशी अगदी शाळेतल्या पोरांसारखी ओरडत होतो. त्याचा कॅम्पफायर, माझा मेनू. आधी मेनू ठरल्याशिवाय आमच्याकडे सहल पुढे सरकतच नाही. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, लसणाची चटणी. मग तिथल्या लोकांची ईमेल आली की अस्वलं येतात, तंबूत खाण्याचा कण ठेवायचा नाही. माझी लसणाची चटणी ऐकून दादा म्हणाला, "तुझ्या चटणीच्या वासाने अख्ख्या जंगलातली येतील." तीन रविवार आम्ही नुसते या अस्वलांवर काढले.

बाबांना विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं. ते म्हणाले, "नको गं, तंबू कशाला?"

आता आमच्या घरात पहिला नको कोणी ऐकत नाही. आई वाढायची तेव्हा बाबांचा हात पानावर आडवा आला, तरी त्याच्या बाजूने पोळी पानात पडायची आणि बाबा ती मुकाट खायचे. नवीन शर्टाला नको, खोलीत जास्तीच्या हीटरला नको, इथे यायलासुद्धा आधी नकोच. मग आग्रह केला की हळूच हो. मी दादाला बेधडक सांगून टाकलं, "ते असंच म्हणतात, तू कर बुक." आठवड्याने त्यांनी पुन्हा विचारलं, "तंबूचं रद्द होतं का गं?" मी म्हटलं, "बाबा, पुरे झाला तुमचा संकोच!" मग त्यांनी तो विषय काढला नाही. मला वाटलं, जिंकले.

निघायला दहा दिवस होते. रविवारी दुपारी चहा झाल्यावर मी त्यांच्यासमोर लॅपटॉप ठेवला आणि एकेक फोटो दाखवत सुटले. हा पलंग, ही शेगडी, हे बघा, आत बाथरूमसुद्धा! बाबा चष्मा पुसत बघत होते.

"दादाचं घर इथून किती लांब?"

"तीन तास."

"आणि तो या तंबूत असेल ना? माझ्याबरोबर?"

"छे हो! प्रत्येकाला वेगळा. हा तुमचा एकट्याचा तंबू, राजेशाही!" मी मोठ्या कौतुकाने म्हणाले.

त्यांनी लॅपटॉपचं झाकण सावकाश मिटलं. असं ते कधी करत नाहीत, दुसऱ्याच्या वस्तूला हातही लावत नाहीत.

"अगं, एकट्याच्या तंबूत मी सव्वीस वर्षं काढली," ते म्हणाले. "तुम्ही मेमध्ये यायचात. बाकीचे अकरा महिने तिथे कोण होतं?"



"तू चालायला लागलीस तेव्हा मी तंबूत होतो. दादाला टायफॉइड झाला, तुझी आई त्याच्या उशाशी एकवीस दिवस बसून होती, तेव्हाही मी तंबूतच होतो. मला पत्र मिळालं तोवर पोरगं उठून शाळेत जायला लागलं होतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही दोघं इतकी खूश होतात, मला सांगवेना. मला ते तळं नको, काही नको. मला त्याच्या घरी, त्याच्या शेजारच्या खोलीत झोपू दे. तो खोकला तर मला ऐकू आला पाहिजे."

मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. त्यांचा नव्हे, माझाच. इतकी वर्षं मी जो स्वर्ग म्हणून उराशी धरून बसले होते, त्यात या माणसाचं सगळं घर हुकलं होतं. आणि मी तेच त्यांना पुन्हा बक्षीस म्हणून द्यायला निघाले होते, वर त्यांना संकोची ठरवून!

मी त्यांचा हात धरला आणि तशीच बसून राहिले. मग दादाला फोन लावला. तिकडे त्याची सकाळ होती, तो मजेत होता, म्हणाला, "बोल, आता काय, अस्वलांसाठी मेनू?" मी बाबा जे जे बोलले ते तसंच्या तसं सांगितलं. एक शब्द माझ्या पदरचा घातला नाही.

शेवटी विचारलं, "दादा, ऐकतोयस ना?"

"हो," तो म्हणाला.  "टायफॉइडमध्ये मी सारखा दाराकडे बघायचो गं. आईला वाटायचं, मला बाहेर खेळायला जायचंय."